टर्बोवर बांधलेलं इंजिन पुन्हा पुन्हा निळा धूर टाकतंय? टर्बो खोलण्याआधी क्रँककेसचं प्रेशर मोजा

दोन-अडीच लाख किलोमीटर पळालेलं पेट्रोल इंजिन उतरवलं, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, नवं हेड गास्केट घालून बांधलं आणि वर टर्बो चढवला. सुरुवातीला गाडी झकास पळते. मग हळूहळू लक्षणं दिसायला लागतात. बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) घेतला की मागे निळा धूर, इंटरकूलरच्या पाइपात ऑइल साचलेलं, डिपस्टिक आपोआप वर सरकलेली, कॅम कव्हरच्या कडेने ओल. टर्बो खोलून रिपेअर किट टाकलं की थोडे दिवस बरं वाटतं, आणि परत तेच. दुसरा टर्बो बसवला तरी तेच.

अशा तक्रारीत टर्बो बहुतेक वेळा निर्दोष असतो. तो फक्त ऑइल बाहेर पडायची जागा असतो. ऑइलला तिथून ढकलणारं प्रेशर खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, तयार होत असतं, आणि ते मोजल्याशिवाय जो काही पार्ट बदलाल तो अंदाजपंचे बदलाल.

टर्बोचं सील म्हणजे काय ते एकदा समजलं की हे पटतं. क्रँकच्या टोकाला असतं तसं रबराचं ओठवालं सील तिथे नसतं. शाफ्टच्या खाचेत पिस्टन रिंगसारखी एक बारीक लोखंडी रिंग असते, बस. ऑइल आत राहतं ते दोन कारणांनी: टर्बाइन आणि कॉम्प्रेसरच्या बाजूला बेअरिंगच्या पोकळीपेक्षा जास्त प्रेशर असतं, आणि आत आलेलं ऑइल ड्रेनमधून लगेच खाली पडतं. या दोन्हींपैकी एक जरी बिघडलं तरी कोरा करकरीत टर्बोसुद्धा गळणार. क्रँककेसमध्ये प्रेशर साठलं की ते ड्रेनच्या पाइपातून वर येतं, खाली पडणाऱ्या ऑइलला अडवतं, पोकळी भरते, आणि ऑइल सापडेल त्या फटीतून बाहेर जातं.

धूर कधी येतो, ते आधी बघा

सकाळी पहिल्या स्टार्टला एक भपकारा आणि मग साफ, असं असेल तर व्हॉल्व्ह स्टेम सील. रात्रभर ऑइल गाइडमधून (व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो ती) झिरपून खाली उतरलेलं असतं. उतारावर पाय उचलून गाडी गिअरमध्येच येऊ दिली आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच ढग आला, तर संशय गाइडवर जास्त, कारण पाय उचलला की मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या पाइपांत) व्हॅक्युम सगळ्यात जोरदार असतो आणि तो गाइडमधून ऑइल ओढतो. मात्र ऑइल रिंग नीट काम करत नसेल तरी हेच चित्र दिसतं, त्यामुळे एवढ्यावरून हेड उतरवू नका. बराच वेळ आयडलिंगवर उभी राहून निघताना ढग आला, तर टर्बोचा ड्रेन. आणि लोडवर, बूस्टवर, जितका पाय दाबाल तितका धूर, असं असेल तर रिंगा, बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) किंवा ब्रीदर (क्रँककेसची वाफ बाहेर सोडणारी वाट). आपण ज्या तक्रारीबद्दल बोलतोय ती बहुतेक वेळा या शेवटच्या प्रकारात मोडते.

पाइपात ऑइलचा नुसता पातळ थर दिसला म्हणून घाबरू नका. ब्रीदरची वाफ इनटेकमध्ये सोडलेल्या कुठल्याही टर्बो इंजिनात तो असतोच. पाइप उतरवला आणि चमचाभर ऑइल ओघळून बाहेर आलं, तर मात्र गोष्ट वेगळी.

प्रेशर मोजायचं कसं

फार काही लागत नाही. पारदर्शक नळी यू आकारात एका फळीवर बांधा, अर्धी पाण्याने भरा, एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवा, दुसरं उघडं ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे क्रँककेसचं प्रेशर. १ पीएसआय म्हणजे जवळपास ७० सेंटीमीटर पाणी, त्यामुळे साध्या प्रेशर गेजवर जिथे काटा हलतही नाही तिथे ही नळी भडाभडा बोलते. नळीचे दोन्ही पाय चांगले उंच ठेवा, नाहीतर आयडलिंगचा व्हॅक्युम पाणी इंजिनात ओढून घेईल. इंजिन गरम हवं.

पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसची वाफ मॅनिफोल्डमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) शाबूत असलेल्या इंजिनात आयडलिंगला किंचित व्हॅक्युम दिसतो. इथेच नळी प्रेशर दाखवत असेल तर पुढची चाचणी करायचीही गरज नाही, ब्रीदर चोक आहे किंवा रिंगा गेल्यात. बूस्टवरचं रीडिंग रस्त्यावर किंवा डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) घ्यावं लागतं. त्यासाठी पाण्याची नळी घेऊन गाडी पळवू नका, कमी रेंजचा प्रेशर सेन्सर लावा आणि लॉग करा. माझा ठोकताळा असा: पूर्ण बूस्टवर १० ते १५ सेंटीमीटर पाण्याच्या वर प्रेशर टिकून राहिलं की कारण शोधायला लागायचं. १ पीएसआय दिसलं तर गाडी तिथेच थांबवायची.

प्रेशर व्यवस्थित आहे आणि तरी टर्बो गळतोय, असं निघालं तर मगच टर्बोच्या आजूबाजूला बघा. ड्रेनचा पाइप जाड हवा, सरळ खाली उतरणारा हवा, मध्ये कुठेही पोट किंवा चढ नको, आणि ऑइल चेंबरमध्ये तो ऑइलच्या पातळीच्या वर उघडायला हवा. टर्बोचं ड्रेनचं तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलंडलेलं नको. ड्रेनमध्ये प्रेशर नसतं, ऑइल फक्त स्वतःच्या वजनाने पडतं, शिवाय ते फेसाळलेलं असतं. एका वाकड्या होजमुळे सगळा खेळ बिघडतो. बॉल बेअरिंगचा टर्बो असेल आणि फीड लाइनला रिस्ट्रिक्टर नसेल, तर गरजेपेक्षा जास्त ऑइल आत शिरतं. साध्या बुश बेअरिंगच्या टर्बोला सहसा रिस्ट्रिक्टर लागत नाही, तिथे उगाच टाकू नका. एअर फिल्टर चोक असेल तर कॉम्प्रेसरच्या मागे व्हॅक्युम वाढून तिकडून ऑइल ओढलं जातं, तेही एकदा बघून घ्या.

प्रेशर जास्त आलं, तर आधी ब्रीदर

इंजिन खोलायची घाई करू नका. साध्या इंजिनाची ब्रीदर व्यवस्था मॅनिफोल्डमध्ये कायम व्हॅक्युम असतो हे गृहीत धरून बनवलेली असते. टर्बो लावला की त्याच मॅनिफोल्डमध्ये ०.७ बारचं प्रेशर येतं. पीसीव्ही व्हॉल्व्हने त्या क्षणी पूर्ण बंद व्हायला हवं. दोन लाख किलोमीटरचा, गाळ बसलेला व्हॉल्व्ह होत नाही. मग बूस्टची हवा सरळ क्रँककेसमध्ये शिरते आणि रिंगा कोऱ्या असल्या तरी इंजिन ब्लो-बाय (रिंगांवरून गॅस खाली गळणं) झाल्यासारखं वागतं.

याची चाचणी सोपी आहे. पीसीव्हीचा होज काढा, मॅनिफोल्डकडचं तोंड बूच मारून घट्ट बंद करा, क्रँककेसकडचं तोंड जाड होजने कॅच कॅनमध्ये (वाफेतलं ऑइल पकडणारा डबा) सोडा आणि बूस्टवर पुन्हा रीडिंग घ्या. आकडा धाडकन खाली आला तर गुन्हेगार सापडला. मग चांगला चेक व्हॉल्व्ह, आणि बूस्टवर वाफ ओढून घेण्यासाठी टर्बोच्या आधीच्या इनटेक पाइपाला दुसरी लाइन.

जुन्या इंजिनात आणखी एक जागा हमखास सुटते: कॅम कव्हरच्या आतला बॅफल, म्हणजे वाफेतलं ऑइल अडवणारा पत्रा. तो रिव्हेट मारून किंवा चिकटवून बसवलेला असतो, म्हणून बांधताना कुणी काढत नाही. कव्हर बाहेरून धुतलं, पॉलिश केलं, रंग मारला, आणि आतल्या बॅफलमागे डांबरासारखा गाळ तसाच. वाफेची वाट तिथेच अडते. हेडमधून ऑइल खाली उतरायची भोकंही अशीच गाळाने निम्मी झालेली असतात. टर्बोसाठी ऑइलचा प्रवाह वाढवलाय, वर ऑइल साचतंय, गाइड त्यात बुडालेत, मग सील कितीही नवे घाला. कॅच कॅनच्या बाबतीत एवढंच: आत बॅफल किंवा जाळी हवी, होज १९ मिलिमीटरच्या आसपास जाड हवा. ८ मिलिमीटरच्या नळीवर लटकवलेला चकचकीत डबा शोभेचा असतो.

ब्रीदर ठीक, तरी प्रेशर जास्त: लीक-डाउन

कॉम्प्रेशन टेस्ट करा, जरूर करा. गरम इंजिन, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत हवा. पण कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणजे रिंगा चांगल्या, असा अर्थ काढू नका. ऑइल रिंगचा कॉम्प्रेशनशी संबंधच नसतो. उलट, सिलिंडरच्या भिंतीवर ऑइल भरपूर चढत असेल तर ते फटी बुजवतं आणि आकडा फसवा वाढतो. कॉम्प्रेशन उत्तम आणि तरी लिटरने ऑइल खातंय, तर दोन गोष्टी तपासण्यासारख्या: ऑइल रिंगच्या स्प्रिंगची टोकं एकमेकांवर चढली आहेत का, आणि दुसरी रिंग उलटी बसली आहे का. दुसऱ्या रिंगच्या तोंडाला उतार असतो, ती ऑइल खरवडून खाली नेते. ठिपक्याची बाजू वर न ठेवता खाली ठेवली की तीच रिंग प्रत्येक फेरीला ऑइल वर ढकलत राहते.

लीक-डाउनमध्ये पिस्टन टीडीसीवर (सगळ्यात वरच्या टोकाला) ठेवून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. क्रँक पक्का अडकवा, हवेच्या जोराने तो फिरतो आणि पाना हाताला लागतो. ताज्या बांधलेल्या इंजिनात १० टक्क्यांच्या आतला आकडा चांगला. २० च्या वर गेला तर कान लावा. ऑइल फिलरमधून फुसफुस म्हणजे रिंगा, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गास्केट किंवा तडा. चारही सिलिंडर फिलरमधून सारखेच गळत असतील तर दोष मशीनिंगचा किंवा रनिंग-इनचा (नवं इंजिन सुरुवातीला पळवायच्या पद्धतीचा). एकच गळत असेल तर त्याचा पिस्टन तुटलाय असं समजून चाला.

आत काय चुकलेलं असतं

'नवीन रिंगा टाकल्या' हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, बोअर मोजला होता का? आणि कशाने? व्हर्नियरने मोजलेला बोअर न मोजल्यासारखाच. बोअर गेज हवं, ०.०१ मिलिमीटर दाखवणारं. प्रत्येक सिलिंडरला वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना मोजायचं, क्रँकच्या रेषेत आणि त्याला आडवं. झीज सगळ्यात जास्त वरच्या रिंगच्या पट्ट्यात असते आणि आडव्या दिशेला असते, कारण पॉवर स्ट्रोकला पिस्टन त्या बाजूवर रेलतो. तळाशी, जिथे रिंग पोहोचतच नाही, तिथे बोअर जवळपास कारखान्यातून आला तसाच असतो. म्हणजे बोअर नरसाळ्यासारखा झालेला असतो.

आता यात नवी रिंग टाका. वर आणि खाली व्यासात ०.०५ मिलिमीटरचा फरक असेल तर परिघात फरक ०.१६ मिलिमीटर पडतो, आणि तो सगळा रिंगच्या गॅपमध्ये (तिच्या दोन टोकांमधल्या फटीत) दिसतो. खाली ०.३० असलेला गॅप वर ०.४६ होतो, पुन्हा खाली आला की ०.३०. प्रत्येक स्ट्रोकला रिंग उघडझाप करते, खाचेत घासते, आणि खाच झिजवते. साध्या इंजिनात हे खपून जातं. टर्बोवर वरून ढकलणारं प्रेशर वाढलेलं असतं, तिथे नाही खपत. म्हणून टर्बोसाठी बांधताना नुसतं होन (बोअर घासून बारीक चर पाडणारं हत्यार) फिरवून रिंगा बदलायचा विचार सोडून द्या. ओव्हरसाइझ पिस्टन घ्या, आधी पिस्टन हातात येऊ द्या, मोजा, आणि मग त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्या. भिंत पातळ होणार असेल तर स्लीव्ह, म्हणजे बोअरमध्ये बसवायची नवी नळी.

होनिंग टॉर्क प्लेट लावूनच करून घ्या. हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉक पिळला जातो आणि गोल बोअर बोल्टांच्या जागी थोडा दबतो. जाड प्लेट त्याच टॉर्कने आवळून होन केलं तर हेड बसल्यावर बोअर गोल राहतो. हेडचे बोल्ट काढून मजबूत स्टड लावणार असाल तर प्लेटही त्याच स्टडवर, त्याच टॉर्कने. क्लॅम्पचा जोर बदलला की पिळणंही बदलतं.

मग धुणं. याला सगळ्यात कमी किंमत दिली जाते आणि सगळ्यात जास्त रिंगा यानेच जातात. होनिंगच्या दगडाची पूड रॉकेल किंवा पेट्रोलने निघत नाही, ती चरांमध्ये आणखी खोल बसते. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि ताठ ब्रश. घासून, धुऊन, लगेच वाळवून, पांढऱ्या फडक्यावर स्वच्छ ऑइल घेऊन बोअर पुसा. फडकं राखाडी आलं तर पुन्हा साबण. पांढरं फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवायचं. ऑइल गॅलरीचे बूच काढून त्या आतूनही ब्रशने धुवा, नाहीतर तीच पूड नव्या बेअरिंगांना भेटते.

रिंग गॅपवर तर टर्बो इंजिनाचं आयुष्य ठरतं. साध्या इंजिनाला बोअरच्या व्यासाच्या हजारात चार भाग, हा नेहमीचा हिशेब. ८१ मिलिमीटरच्या बोअरला ०.३२. टर्बोवर पिस्टनचा माथा जास्त तापतो, रिंग जास्त फुगते, म्हणून हजारात पाच ते सहा भाग धरतात, म्हणजे ०.४० ते ०.४९. पिस्टन बनवणाऱ्याने कागद दिला असेल तर तोच अंतिम. गॅप कमी ठेवला तर रिंगची टोकं बूस्टवर एकमेकांना भिडतात, रिंगला फुगायला जागा उरत नाही, ती बोअरला कातते आणि शेवटी रिंग लँड, म्हणजे दोन खाचांमधली अॅल्युमिनियमची कड, उचकटून काढते. थोडा मोठा गॅप किंचित जास्त ब्लो-बाय देतो, लहान गॅप इंजिन देतो मोडून. दुसऱ्या रिंगचा गॅप पहिलीइतका किंवा थोडा जास्तच ठेवा. मधे अडकलेल्या गॅसला खाली जायला वाट मिळाली नाही तर तो पहिल्या रिंगला खालून उचलतो.

मोजताना रिंग बोअरमध्ये टाकून उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकला, तिरकी राहिली तर माप खोटं. फाइल फक्त एका टोकाला लावा आणि बाहेरच्या तोंडाकडून आत घासा, उलटं घासलं तर कोटिंगचा टवका उडतो.

पिस्टन फोर्ज्ड घेणार असाल तर धातू विचारून घ्या. ४०३२ या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, तो कमी फुगतो, क्लिअरन्स कमी चालतो. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळपास नाहीच, तो जास्त चिवट पण जास्त फुगतो, म्हणून क्लिअरन्स जास्त आणि थंड इंजिनात खडखड ऐकू येते. ती खडखड गरम झाल्यावर गेली तर तिच्याकडे दुर्लक्ष करा.

बेअरिंगचा क्लिअरन्स, हेड आणि ब्लॉकचा फेस, रॉडचे नवे बोल्ट हे सगळं लागतंच, पण धुराच्या तक्रारीशी त्यांचा थेट संबंध कमी. इथे सोडून देतो.

रनिंग-इन

नव्या रिंगा बोअरवर बसतात त्या गॅसच्या प्रेशरने, लाडाकोडाने नाही. आयडलिंगवर तासभर घुरघुरत ठेवलेल्या इंजिनाचे होनिंगचे चर गुळगुळीत होतात, वर चकाकी धरते, आणि मग त्या रिंगा कधीच बसत नाहीत. सुरू झाल्यावर ऑइल प्रेशर आणि गळती बघा, गरम होऊ द्या, आणि बाहेर काढा. बूस्ट न घेता मध्यम लोडवर खेचा, मग पाय उचलून गिअरमध्येच आरपीएम उतरू द्या, पुन्हा खेचा. मिनरल ऑइल वापरा, पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला, फिल्टर कापून आत चमकी आहे का बघा. सिंथेटिक नंतर. या टप्प्यावर लीक-डाउन आणि क्रँककेसच्या प्रेशरचे आकडे वहीत लिहून ठेवा, मगच बूस्ट टप्प्याटप्प्याने वाढवा.

सगळं नीट बांधलं, तरी एकच सिलिंडर पुन्हा गेला

ही मशीनिंगची चूक नाही, नॉकिंग आहे, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी आपोआप भडकणं. पिस्टन बाहेर काढल्यावर रिंग लँडचा तुकडा निघालेला दिसेल, माथ्याच्या कडेला बारीक खरबरीत डाग असतील, प्लगच्या पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके असतील. पिस्टन बदलून तेच ट्यूनिंग ठेवलं तर तोच सिलिंडर परत जाणार. बूस्टवर मिक्श्चर वाइडबँडवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर) ११.५ ते १२ च्या दरम्यान आहे का बघा, टायमिंग मागे घ्या, प्लग एक पायरी थंड घ्या आणि त्याचा गॅप ०.६-०.७ वर आणा. कायम एकच सिलिंडर जात असेल तर त्याचा इंजेक्टर काढून बाकीच्यांबरोबर फ्लो करून बघा. आणि फ्युएल प्रेशर बूस्टवर लॉग करा. रेग्युलेटरला मॅनिफोल्डची लाइन जोडलेली असेल आणि बेस प्रेशर ३ बार असेल, तर १ बार बूस्टला ४ बार दिसायला हवेत. जुना पंप वरच्या आरपीएमला तिथून ढेपाळायला लागला, तर नवा पिस्टन मागवण्याआधी पंप मागवा.